पती-पत्नी विभक्त झाल्यावर मूल कोणाकडे राहते? पाच वर्षांखालील मूल आईलाच मिळते का?

बहुधा मिळते, पण हा अबाधित नियम नव्हे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये पाच वर्षांखालील मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे असावा असे म्हटले आहे. मात्र त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वोपरी मानते, त्यामुळे आईकडे राहणे मुलाला अपायकारक असल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालय वेगळा निर्णय देऊ शकते.

मूल सामान्यतः जिथे राहते, तिथल्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागतो. कोणाचा पगार मोठा, एवढ्यावर निकाल ठरत नाही. सकाळी डबा कोण भरून देते, आजारपणात रात्री उशाशी कोण बसते, शाळा बदलावी लागेल का, हे तपासले जाते. समजत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश अनेकदा आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात. त्याची इच्छा विचारात घेतली जाते, पण ती बंधनकारक नसते. म्हणूनच मुलाला आधी उत्तरे पढवून नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो भार लहान जिवाला पेलत नाही.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला सहसा भेटीचा हक्क मिळतो, आणि ताबा आईकडे गेला म्हणून वडिलांची मुलाच्या खर्चाची जबाबदारी संपत नाही. परिस्थिती बदलल्यास ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.