वेळेचा की वेळाचा?

प्रश्न असा आहे: एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाने सभेसाठी फलक रंगवला, 'वेळेचा सदुपयोग करा – इफिसकरांस ५:१६'. एका निवृत्त गुरुजींनी खडूने 'वेळेचा'चं 'वेळाचा' केलं. त्यांचं म्हणणं, "तो वेळ, म्हणून वेळाचा." फलकाचा फोटो पाठवून संघाने विचारलंय, बरोबर काय? आणि बायबलमधलं हे पत्र ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या पौलाने मुळात काय लिहिलंय?

गुरुजी व्याकरणात चुकलेले नाहीत. मराठीत 'वेळ' दोन आहेत. तो वेळ जातो, ती वेळ येते. बसची वाट पाहण्यात गेला तो वेळ. बस सुटायची असते ती वेळ. पुल्लिंगी वेळ लांबीचा असतो, म्हणून 'किती वेळ', 'थोड्या वेळाने', 'वेळात वेळ काढून'. स्त्रीलिंगी वेळ ही नेमकी जागा असते, म्हणून 'वेळेवर', 'त्या वेळी', 'वेळीच'. अनेकवचनही हिलाच: जेवणाच्या वेळा, औषधाच्या वेळा. संस्कृतातली 'वेला' स्त्रीलिंगीच, आणि तिचे अर्थ मर्यादा, किनारा, भरती असेही होतात. हद्द, काठ हे तिच्या रक्तातच आहे म्हणा ना.

नियमावर बोट ठेवलं तर सदुपयोग व्हायचा तो लांबीच्या वेळाचा. पण बोलताना आपण 'वेळेची बचत', 'वेळेचा अपव्यय' असंच म्हणतो. इथे स्त्रीलिंगी रूपाने कधीच बाजी मारली आहे. मागे विशेषण लागलं की मात्र जुनं रूप डोकं वर काढतं: 'थोड्या वेळाचं काम आहे.' तेव्हा 'वेळाचा' शुद्ध, 'वेळेचा' रूढ. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण पौलाकडे पाहिलं की पारडं फिरतं.

ग्रीक भाषेतही काळाला दोन शब्द आहेत. 'क्रोनॉस' म्हणजे सरत जाणारा काळ, ढोबळमानाने आपला 'तो वेळ'. 'कायरॉस' म्हणजे नेमका प्रसंग, संधी, आपली 'ती वेळ'. दोघांची सरमिसळही होते, पण पौलाच्या वाक्यात आहे तो कायरॉस. आणि क्रियापद आहे 'एक्सागोराझो'. त्याच्या पोटात 'अगोरा' आहे, म्हणजे बाजार. बाजारातून विकत घेऊन बाहेर काढणे. गलतीकरांच्या पत्रात (३:१३) ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं असं म्हणताना हेच क्रियापद येतं. लॅटिन भाषांतराने आणि १६११च्या इंग्रजी बायबलने हा सोडवण्याचा व्यवहार जपला. 'सदुपयोग' म्हटलं की बाजार उठतो. राहतो तो शाळेतला सुविचार.

मराठीत याला शब्द नाही असं नाही. माझी आजी नाताळ जवळ आला की पेढीवर जाऊन पाटल्या "सोडवून आणायची". पाटल्या तिच्याच, पण ज्या दिवशी पदराला पैसे असत त्या दिवशी गेलं नाही तर व्याज चढायचं आणि पाटल्या आणखी लांब जायच्या. 'वेळ सोडवून घ्या' हे कानाला खटकतं खरं, पण पौलाच्या सगळ्यात जवळ तेच बसतं. 'वेळ साधा' चालेल का? अर्थ जमतो, पण 'वेळ साधली' म्हटलं की मला तरी त्यात थोडा कावा ऐकू येतो.

हा कावा ग्रीक शब्दांनाही चुकलेला नाही. बायबलच्या जुन्या करारात, दानिएलाच्या पुस्तकात (२:८) बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर आपल्या दरबारच्या खास्दी पंडितांना म्हणतो, स्वप्नही तुम्हीच सांगा आणि अर्थही. ते म्हणतात, महाराज, आधी स्वप्न तर सांगा. राजा भडकतो: तुम्ही वेळ विकत घेताय! हा भाग मुळात अरामी भाषेत आहे; तिथे क्रियापद 'विकत घेणे' हेच आहे, आणि ग्रीक भाषांतरात कायरॉस आणि एक्सागोराझो, म्हणजे पौलाचेच दोन्ही शब्द. आपण त्याला वेळकाढूपणा म्हणतो. त्याच शब्दांनी पंडित टाळाटाळ करतात आणि पौल नेमकं उलटं सांगतो.

हीच शब्दयोजना कलस्सैकरांच्या पत्रात (४:५) पुन्हा येते, बाहेरच्या लोकांशी शहाणपणाने वागा म्हणताना. तिथली मागची दोन वचनं जरूर वाचा. लिहिणारा बंधनात आहे आणि प्रार्थना मागतोय ती वचनासाठी दार उघडावं म्हणून. बेड्यांतल्या माणसाकडे 'तो वेळ' ढिगाने असतो, दिवस सरता सरत नाही. त्याला हवी असते ती 'ती वेळ': कोणी भेटायला आलं, पहारेकरी दोन शब्द बोलला, दार किलकिलं झालं. वेळापत्रक आखून मिनिटं वाचवा हा उपदेश या ओळीतून काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो उपदेश वाईट नाही, फक्त या ओळीचा नाही.

तर फलकावर 'वेळेचा' राहू द्या. रूढी त्याच्या बाजूने आहे आणि योगायोगाने पौलही. खडू पुसायच्या आधी गुरुजींना मात्र सांगा, लांबीच्या वेळाबद्दल ते बरोबर आहेत. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत तारीख आहे, जागा आहे, पण सभा किती वाजता ते कुठेच नाही. ती वेळही लिहा.