चॅनेलची माहिती चुकीची असली की प्रोपोर्शनल फेअर शेड्युलरमध्ये काही युजर उपाशी का राहतात?

प्रोपोर्शनल फेअर शेड्युलर म्हणजे मोबाइल टॉवरवर दर स्लॉटला ज्याचा 'आत्ताचा रेट भागिले आतापर्यंतचा सरासरी थ्रूपुट' हा आकडा (मेट्रिक) सगळ्यात मोठा, त्याला पाठवायची संधी देणारा. तुम्ही म्हणताय की सिम्युलेशनमध्ये चॅनेलची (टॉवर ते फोन या रेडिओ मार्गाची) माहिती परफेक्ट धरली की सगळ्यांना नीट वाटा मिळतो, पण तीच उशिरा आणि एररसकट दिली की वेगात जाणारे युजर उपाशी राहतात. आधी एक ओळ तपासा, सरासरी थ्रूपुट (युजरला मिळालेला डेटाचा वेग) अपडेट करताना पाठवलेले बिट धरताय की पोचलेले? मी पाठवलेले धरत होतो, बरेच दिवस गेले त्यात. पॅकेट वाया गेलं तरी ते त्या युजरच्या खात्यावर जमा व्हायचं, म्हणजे हातात काही नाही आणि वर पुढचा नंबरही लांबला.

वेगाचं म्हणाल तर २ गिगाहर्ट्झला ताशी ६० किमीने डॉप्लर (वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) साधारण १११ हर्ट्झ येतो, म्हणजे चॅनेल ४ मिलिसेकंदांतच बदलतो, आणि एलटीईत (४जी) सीक्यूआय, म्हणजे फोनचा चॅनेलबद्दलचा रिपोर्ट, मोजून, पाठवून, वापरात येईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. ताशी ३ किमीने चालणाऱ्याला तोच वेळ ७५ मिलिसेकंदांच्या आसपास मिळतो, त्याला जुना रिपोर्ट चालून जातो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. शेड्युलर सगळ्यात मोठा आकडा उचलतो, आणि आकड्यांत एरर असेल तर जो सगळ्यात मोठा दिसतोय तो बहुतेक वेळा फुगलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाची एरर सरासरीने शून्य असली तरी निवडून आलेल्याची शून्य नसते, आणि युजर वाढवले की हे अजून वाढतं.

म्हणून मेट्रिकमध्ये वर (अंशात) नुसता रेट ठेवू नका, रेट गुणिले पॅकेट पोचायची शक्यता ठेवा. १० एमबीपीएसने पाठवलं आणि निम्मी पॅकेटं पोचली तर हातात ५ येतात, ७ ने पाठवलं आणि दहातली नऊ पोचली तर ६.३. ही शक्यता प्रत्येक युजरच्या एसीके-नॅकवरून (फोनकडून येणारं 'पोचलं' किंवा 'नाही पोचलं' हे उत्तर) शिकता येते. १० टक्के एररचं टार्गेट असेल तर नॅक आल्यावर चॅनेलचा अंदाज जेवढा खाली आणायचा त्याच्या एक नवमांश एसीकेवर वर न्यायचा, आणि ही दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, दर युजरला वेगळी हवी, सगळ्यांना एकच लावली तर वेगातला युजर परत मार खातो.

फक्त पोचलेले बिट मोजायची दुरुस्ती एकटी करू नका हं. ज्याचं काहीच पोचत नाही त्याची सरासरी शून्याकडे जाते, मेट्रिक आभाळाला भिडतं आणि तो एकटाच सगळे स्लॉट खाऊन टाकतो.