ॲलोपेशिया : शब्दातलं खोकड

प्रश्न : डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ॲलोपेशिया’ लिहिलंय. आजार गंभीर आहे का?

या शब्दाचा अर्थ फक्त ‘केस जाणं’. ताप म्हटल्यावर जसं तापाचं कारण कळत नाही, तसंच इथे. चिठ्ठीवर त्यापुढे कोणता शब्द आहे ते पाहा. केस परत येणार की नाही, हे त्यावर अवलंबून असतं.

प्रश्न : हा शब्द आला कुठून?

ग्रीक भाषेत ‘ॲलोपेक्स’ म्हणजे खोकड, ज्याला आपण सरसकट कोल्हा म्हणून टाकतो. खोकडाला खरूज झाली की बारीक किडे कातडीत बिळं करतात, अंगावरची लव झडते आणि झुपकेदार शेपटीची नुसती काठी उरते. माणसाच्या डोक्यावरचे उघडे चट्टे पाहून ग्रीकांना तेच आठवलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याच्यासोबत दुसरा प्रकार सांगतो, ‘ओफिस’ म्हणजे साप : मानेमागून निघून दोन्ही कानांकडे सरपटत येणारा पट्टा. मला या निरीक्षणाचं फार कौतुक वाटतं, कारण अशा पट्ट्याला आजही ‘ओफायसिस’ म्हणतात आणि तो बरा व्हायला चिवट असतो.

प्रश्न : भावाच्या दाढीत रुपयाएवढी चाई पडली आहे. मूळ शब्द खरजेचा, मग ही लागण होते का?

नाही. साम्य फक्त दिसण्यात आहे. चाई म्हणजे ‘ॲलोपेशिया एरिएटा’. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. चट्ट्याची कड नीट पाहा : टोकाला जाड, मुळाशी निमुळते असे आखूड केस दिसतील, उद्गारचिन्हासारखे. भावाचा कंगवा-टॉवेल वेगळा ठेवू नका, त्याला उगाच वाईट वाटेल. लहान चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात. मात्र कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि तुटलेले केस असतील तर ती बुरशी असू शकते. ती पसरते, म्हणून लगेच दाखवा.

प्रश्न : मोठ्या तापातून उठल्यावर तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळताहेत. हीसुद्धा चाईच का?

बहुधा नाही. तापाच्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला ‘टेलोजन एफ्लुव्हियम’ म्हणतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे सहसा सहा महिन्यांत गळती थांबते. त्यानंतरही थांबली नाही तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या.