84 हजारांचा गुणाकार जरा बाजूला ठेवा

नमस्कार.

तुमची मुलगी एम.एस्सी. गणित, बी.एड. आहे. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका सीबीएसई शाळेत सहा वर्षांपासून 18 हजारांवर शिकवते. यूएईमधल्या (संयुक्त अरब अमिराती) शारजातल्या एका भारतीय शाळेनं तिला महिना 3,500 दिरहमची ऑफर दिली आहे, एजंट 1,80,000 रुपये मागतोय आणि त्यासाठी एफडी मोडावी का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘रुपयांत 84 हजार होतात, इथल्या चौपटीहून जास्त. मग घासाघीस करून हातचं कशाला घालवायचं?’

एफडी मोडू नका. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात. त्याची नोंदणी मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. तिथे नाव नसेल तर त्याच्याशी व्यवहारच नको. व्हिसा आणि वर्क परमिटचा खर्च यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार शाळेनं करायचा असतो. तो आडवळणानंही मुलीकडून वसूल करता येत नाही. मग हे 1,80,000 कशाकशाचे आहेत, ते त्याला लेखी मागा. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, तिथे बदलून देतो’ असं म्हणाला तर तिथेच नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे.

आता 84 हजार. हा आकडा नागपुरात बसून मोठा दिसतो, पण घरभाडं, भाजी, बस सगळं ती दिरहममध्येच देणार आहे. भाडं तर तिथे बहुतेकदा दर महिन्याला नाही, काही महिन्यांचे चेक आगाऊ देऊन भरावं लागतं. नव्या शिक्षिकेकडे एवढी रक्कम येणार कुठून? म्हणून पहिला प्रश्न हाच की राहायची सोय शाळेची आहे का. तुम्ही पाठवलेल्या ऑफरमध्ये घराचा उल्लेख नाही, विमानाच्या तिकिटाचाही नाही. मला इथेच शंका येते. आखातातल्या अनेक शाळा तिथेच राहणाऱ्या, नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या शिक्षिकांना घर-तिकीट न देता कमी पगारावर घेतात. त्यांचं घर आधीच चालू असतं. तुमच्या मुलीला भारतातून नेऊन त्याच दरात बसवत असतील तर तो सरळ अन्याय आहे.

दुसरी गोष्ट ऑफरमध्येच आहे, पण सहसा कुणी बघत नाही. 3,500 पैकी बेसिक, म्हणजे मूळ पगार, फक्त 1,400 आहे, बाकी सगळे भत्ते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. 1,400 वर ती वर्षाला 980 दिरहम होते. बेसिक 2,100 असतं तर 1,470 झाली असती. पाच वर्षांत 2,450 दिरहमचा फरक पडतो, आणि त्यासाठी शाळेला महिन्याचा पगार एका दिरहमनंही वाढवावा लागत नाही. म्हणूनच हे मागायला संकोच करू नका.

‘मागितलं तर ऑफर जाईल’ ही तुमची भीती मला समजते. पण शाळेनं तिला सध्याचा पगार विचारला असेल आणि त्यावरून हा आकडा काढला असेल. 18 हजार ही तिच्या कामाची किंमत नाहीच. नागपुरातल्या खासगी शाळांनी शिक्षकांचा भाव पाडून ठेवलाय, त्याचं ओझं तिनं शारजापर्यंत का वाहायचं? दहावीला गणित शिकवलेली, बी.एड. झालेली शिक्षिका त्या शाळेलाही हवीच आहे. नम्रपणे चार प्रश्न विचारले म्हणून ऑफर मागे घेणारी शाळा पुढे पगार वेळेवर देईल, यावर माझा विश्वास बसणार नाही.

तिनं एजंटाला मध्ये न घेता थेट शाळेला ई-मेल करून हे विचारावं. माझ्याच विषयाच्या, एवढ्याच अनुभवाच्या भारतातून आलेल्या शिक्षकांना काय मिळतं. घर किंवा घरभाडं, वर्षातून एकदा येण्याजाण्याचं तिकीट आणि आरोग्य विमा आहे का. बेसिक वाढवता येईल का. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार पहिल्या वर्षीही मिळेल का. सुट्टीचा मुद्दा सोडू नका, काही शाळा नव्या शिक्षकांना त्या महिन्यांत काहीच देत नाहीत. उत्तरं लेखी घ्या आणि अधिकृत करारात तेच आकडे आहेत हे बघूनच सही करा. तिथे पगार यूएई सरकारच्या वेज प्रोटेक्शन सिस्टिममार्फत, म्हणजे सरकारी नजरेखाली, जमा होतो. आपल्याकडे काही शाळांत पूर्ण पगारावर सही घेऊन अर्धे पैसे रोख परत मागतात. तिथे तसं कुणी मागितलं तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते.

ट्यूशनच्या कमाईचा हिशेब मात्र आत्ताच धरू नका. खासगी शिकवणीला तिथे परवाना लागतो.

आणि पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहिला पाहिजे, शाळेच्या कपाटात नाही.

हे बोलणं चालू असतानाच पदव्यांच्या साक्षांकनाला, म्हणजे त्या खऱ्या असल्याचे सरकारी शिक्के घ्यायला, लागा. आधी महाराष्ट्र शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, या क्रमात वेळ जातो आणि तिथल्या भारतीय शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. हा खर्च शाळा परत देते का, तेही ई-मेलमध्ये विचारा. त्याआधी पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते बघून घ्या.