अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनसारख्या नॅशनल पार्कमध्ये इमर्जन्सी डिस्पॅचरचं काम नेमकं काय असतं? फोन उचलायचा आणि रेंजरला कळवायचं, एवढंच का?

रेंजरला कळवणं हा त्यातला सोपा भाग आहे. कसब लागतं ते माणूस कुठे आहे हे शोधायला, आणि तेही त्याच्या फोनची बॅटरी संपायच्या आत. म्हणून पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसतो, ‘कुठे आहात?’ हा असतो. पाठोपाठ परत फोन करता येईल असा नंबर, मग काय झालं, मग बॅटरी किती उरली. फोन मध्येच तुटला तर निदान जागा हातात राहते.

मोबाइलवरून ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन आला की स्क्रीनवर आधी टॉवरची जागा दिसते. नंतर अक्षांश-रेखांश येतात आणि सोबत ‘या वर्तुळात कुठेतरी’ असा अंदाज. शहरात शंभर मीटरची चूक झाली तर शेजारची इमारत निघते. कॅन्यनमध्ये तेवढ्याच चुकीत माणूस कड्यावर आहे की कड्याच्या पार खाली, हेच कळत नाही. त्यामुळे स्क्रीनवर विसंबून चालत नाही, विचारावं लागतं. कुठल्या वाटेने उतरलात? किती वाजता निघालात? आत्ता चढताय की उतरताय? शेवटचा पाण्याचा नळ कुठे लागला? तळाची कोलोरॅडो नदी दिसते का? अंगावर ऊन आहे की सावली? दक्षिण कड्यावरून उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर दीड मैल आणि तीन मैलांवरचे निवारे, मग साडेचार मैलांवर हवासुपाई गार्डन्स, या पक्क्या खुणा. २०२२ पर्यंत त्या जागेचं नाव इंडियन गार्डन होतं. जुने नकाशे घेऊन आलेले लोक तेच नाव सांगतात, म्हणून दोन्ही नावं तोंडपाठ हवीत.

सर्वांत महागात पडणारी गफलत आकड्यांच्या मांडणीत होते. समजा कोणी अक्षांश सांगितला ‘छत्तीस, शून्य सहा, पॉइंट पाच शून्य’. हे ३६ अंश ६.५० मिनिटं आहे, म्हणजे दशांशात ३६.१०८३. घाईत ते ३६.०६५० असं टाइप झालं तर जागा साधारण पावणेपाच किलोमीटर दक्षिणेला सरकते. नदीपलीकडे, दरीच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागेजवळचा माणूस नकाशावर दक्षिण कड्याजवळ दिसतो. म्हणून ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘पॉइंट’ हे शब्द सांगणाऱ्याकडून वदवून घ्यायचे, आकडे त्याला परत वाचून दाखवायचे आणि तो सांगतो त्या खुणांशी ताडून बघायचे.

इनरीचसारख्या, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या यंत्रावरून पाठवलेला एसओएस आधी टेक्ससमधल्या कंपनीच्या केंद्रात जातो. ४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनचा (संकटात उपग्रहाला इशारा देणाऱ्या छोट्या यंत्राचा) संदेश फ्लोरिडातल्या हवाई दलाच्या बचाव केंद्रातून येतो. अशा संदेशात वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर सात तास वजा करायचे. ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे ते ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, पण शेजारचं युटा राज्य आणि ॲरिझोनातच असलेला नावाहो नेशन हा मूलनिवासींचा प्रदेश बदलतात. ‘दोन वाजता शेवटचं पाहिलं’ असं कोणी सांगितलं की कुठल्या घड्याळातले दोन, हे विचारायलाच हवं.

उन्हाळ्यात दरीच्या तळाशी पारा ४३ अंशांच्या वर जातो. तेव्हा ‘पाणी पीत राहा’ एवढं सांगून फोन ठेवणं धोक्याचं आहे. काही न खाता लिटरच्या लिटर पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बरळणं ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात. म्हणून किती पाणी प्यायलं, खारट काही खाल्लं का, लघवी होते का, बोलण्यात संगती आहे का, हे सगळं विचारून रेंजरला जसंच्या तसं कळवायचं. तोवर सावलीत बसवणं आणि कपडे ओले करणं, एवढं फोनवरून करवून घेता येतं.

हेलिकॉप्टर मागितलं की येतंच असं नाही. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे ते कमी वजन उचलतं. वारा आणि अंधारही आडवे येतात. अनेकदा रेंजर पायीच उतरतो आणि त्याला काही तास लागतात. म्हणून ‘मदत निघाली आहे’ असं जरूर सांगावं, पण ‘अर्ध्या तासात पोचेल’ असा शब्द कधीही देऊ नये. खोट्या आशेवर लोक असलेलं पाणी संपवून बसतात. दरीचे उत्तर आणि दक्षिण कडे सरळ रेषेत जेमतेम १६ किलोमीटरवर आहेत, पण रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास. कुठल्या कड्याची तुकडी पाठवायची ही निवड चुकली तर चार-साडेचार तास गेलेच.

या सगळ्यात रेडिओ चालूच असतो. कोणाची गाडी थांबवून चौकशीला उतरलेल्या रेंजरने ठरलेल्या वेळात आवाज दिला नाही तर आपणच हाक मारायची, उत्तर नसेल तर जवळचा दुसरा माणूस पाठवायचा. प्रत्येक हाकेची वेळ नोंदवायची. रात्रपाळीत माणसं कमी असतात, तेव्हा एल्कला (मोठ्या हरणाला) धडकलेली गाडी, हॉटेलातला फायर अलार्म आणि दरीतला फोन एकाच वेळी आले तर क्रम ज्याचा त्याने लावायचा.

नोकरीचं म्हणाल तर ही अमेरिकन केंद्र सरकारची पदं आहेत. जाहिराती यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर येतात आणि साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे एच-१बी वाल्यांना ही वाट बंद आहे. पार्श्वभूमीची कसून तपासणी होते. वैद्यकीय कॉल हाताळण्याचं प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी रुजू झाल्यावर घेता येतं. आधी एखाद्या काउंटीच्या ९११ केंद्रात काम केलेलं असेल तर फार उपयोग होतो. आणि रुजू झाल्यावर सुटीच्या दिवशी त्या वाटा स्वतः चालून या. तिसऱ्या मैलावरून नदी दिसते की नाही, हे नकाशावरून कळत नाही.