कर्लिंगमध्ये पुढे जायचंय? आधी लीडवर खेळा

कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड घसरवून वर्तुळाच्या मधोमध थांबवायचा खेळ. कॅनडात क्लबची लीग खेळून प्रांतिक स्पर्धेकडे वळायचं असेल, तर लगेच स्किप (कर्णधार) व्हायची घाई नको. लीडची, म्हणजे संघाचे पहिले दगड टाकणाऱ्याची, जागा मागून घ्या. आपले दोन दगड टाकले की संघाच्या बाकीच्या सहा दगडांना ब्रश मारायचं (पुढचा बर्फ घासून दगड लांब न्यायचं) काम लीडकडेच असतं. वेग ओळखायची नजर तिथेच तयार होते.

स्टॉपवॉच जवळ ठेवा. मागच्या रेषेपासून जवळच्या हॉग लाइनपर्यंत (जिच्या आधी दगड सोडावा लागतो ती रेषा) दगडाला लागलेला वेळ मोजा. समजा, 3.8 सेकंदांचा दगड टी-लाइनवर (वर्तुळाच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेवर) थांबतोय, तर त्याच बर्फावर 3.6 चा पुढे निघून जाणार. त्याला ब्रश नको. मात्र सोडताना हाताने ढकललं, की हा आकडा फसवतो. दगड जवळजवळ 20 किलोचा असतो. जोर हॅकमधल्या (पाय रोवायच्या आधारातल्या) पायाचा हवा. हँडल घड्याळातल्या 10 किंवा 2 कडे ठेवा आणि सोडताना 12 वर आणा. पूर्ण वाटेत अडीच-तीन फेरे पुरेत. फेरे फार कमी पडले तर दगड मध्येच कुठेही वळतो, जास्त झाले तर सरळ पळतो.

पाच दगड पडेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा गार्ड (वर्तुळाच्या पुढे आड म्हणून ठेवलेला दगड) खेळाबाहेर काढता येत नाही, म्हणून लीडचा नेमका गार्ड सोन्याच्या मोलाचा.

वेळ लागतो, हे धरूनच चाला. कॅनडाचे स्किप ब्रॅड गुशू यांनी 2006 मध्ये तोरिनोला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, पण ब्रायरचं (कॅनडाच्या राष्ट्रीय पुरुष स्पर्धेचं) पहिलं विजेतेपद मिळालं 2017 मध्ये. शिक्षण-नोकरी सोडू नका. संघही प्रवास आणि सरावाच्या वेळा जुळणाऱ्यांचाच निवडा.