डरबनची मुळी घ्यावी का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी डरबनला असतो. महिनाभर पोटाचा त्रास होतोय, तर त्याच्या झुलू मित्राने बाजारातून एक मुळी आणून दिली, उकळून पी म्हणाला. तिकडचे वैद्य म्हणे हाडं टाकून रोग सांगतात. ही भोंदूगिरीच ना? मला फार भीती वाटते.
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, काळजी बरोबर आहे, पण सगळ्यांना भोंदू म्हणू नका. आपल्या पेठ-सुरगाण्याकडे वैदू वेगळा आणि भगत वेगळा, साधारण तसंच तिकडे आहे. झाडपाल्याचं औषध देतो तो इन्यांगा, आणि हाडं टाकून पूर्वजांचा कौल घेते ती सांगोमा, या बहुतेक बायका असतात, पूर्वजांचं बोलावणं आलं असं मानून जुन्या सांगोमाकडे राहून शिकतात. दोन्ही कामं करणारेही असतात. दक्षिण आफ्रिकेने 2007 साली यांच्यासाठी कायदा केला, त्यात नोंदणीची तरतूद आहे. अशा औषधांना मुथी म्हणतात आणि डरबनच्या वॉर्विक भागात त्याचा मोठा बाजारच भरतो. मागणी इतकी की तिथलं रानआलं आता डरबनच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या जंगलात जवळजवळ दिसतच नाही, खणून खणून संपवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुळीचं. तिथे इम्पिला नावाची एक मुळी पोटासाठी, जंतांसाठी देतात आणि ती भयंकर विषारी ठरू शकते, रक्तातली साखर एकदम खाली येते, लिव्हर आणि किडन्या निकामी होतात, लहान मुलं दगावली आहेत आणि त्यावर उतारा असं औषध नाही. तुमच्या मुलाची मुळी तीच आहे असं मी म्हणत नाही, पण वाळलेली मुळी नुसती बघून आपल्याला काय कळणार? जाणता इन्यांगा स्वतः तपासून, माप सांगून देतो, इथे तर बाजारातून आणलेली आहे, आणि महिनाभर दुखतंय म्हणजे आधी डॉक्टर, सोनोग्राफी, रक्ततपासणी हेच.

आजच फोन करा. प्यायला नसेल तर पिऊ नको म्हणा, मित्राला मात्र दुखवू नकोस म्हणा, त्याने मायेनेच दिलीय. आणि प्यायला असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटलला जाऊ दे, उरलेली मुळी बरोबर न्यायला सांगा आणि डॉक्टरांपासून काही लपवू नको म्हणावं.